बटण दाबलं, पण इव्हेंट कुठे गेला?

एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स 2002 साली आलं ते एक आमिष घेऊनच: बटणावर डबल-क्लिक करा, हँडलर लिहा, झालं. वेबपेज म्हणजे जणू डेस्कटॉपवरची विंडोच! माझी तक्रार या 'जणू'बद्दल आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी कुटुंब-सर्वेक्षणाचा फॉर्म केला होता. पहिल्या सदस्याची ओळ मार्कअपमध्ये होती. 'आणखी सदस्य' दाबलं की कोडमधून नवी ओळ यायची, तिचं स्वतःचं 'जतन करा' बटण घेऊन. ते दाबलं की ओळच गायब. एरर वगैरे काही नाही. दोन दिवस मी डेटाबेसला दोष देत बसलो.

कारण असं, की प्रत्येक पोस्टबॅकला सर्व्हरवर पेजचा ऑब्जेक्ट नव्याने तयार होतो. मार्कअपमधली कंट्रोल्स आपोआप परत येतात, कोडने जोडलेली येत नाहीत. ब्राउझर उत्तरं पाठवतो, पण ती घ्यायला तिथे कुणी नसतं. म्हणून ती कंट्रोल्स दर वेळी, शक्यतो इनिट टप्प्यात, त्याच आयडीने पुन्हा तयार करायची आणि हँडलरही पुन्हा जोडायचा. व्ह्यूस्टेट फक्त कंट्रोलची स्थिती जपतो. कंट्रोल आपणच उभं करायचं.

एचटीटीपीला आधीची विनंती आठवत नाही. वेब फॉर्म्सने हे नुसतं झाकून ठेवलं, आणि नवशिक्या नेमका तिथेच अडखळतो.

माझ्या चाचणी-सर्वेक्षणात सगळी कुटुंबं एका माणसाची दिसली, म्हणून चूक सापडली तरी. थोडीच उत्तरं गळाली असती, तर ती चूक थेट निष्कर्षात गेली असती. तेव्हा साधन कुठलंही घ्या, ते काय झाकतंय हे आधी तपासा.