गोंगाट कोणाचा?

न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडचा दुसरा अल्बम 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट' जानेवारी १९६८ मध्ये निघाला. 'बिलबोर्ड'च्या दोनशेंच्या यादीत तो १९९ वर जाऊन आला, एवढेच त्याचे स्वागत. तेव्हा तो गोंगाट होता. पुढे पंक आले आणि समीक्षक त्याच गोंगाटाला क्रांती म्हणू लागले.

माझा आक्षेप या उशिराच्या कौतुकाच्या रोखावर आहे. कौतुक लू रीडचे, जॉन केलचे, फार तर अँडी वॉरहॉलच्या सावलीचे. निर्माता टॉम विल्सन मात्र बहुधा तळटीपेत. विल्सन काळा होता. टेक्सासमधल्या वेकोचा, हार्वर्डचा पदवीधर. सेसिल टेलरचा पहिला अल्बम १९५६ मध्ये त्यानेच ध्वनिमुद्रित केला. रीड स्वतः ऑर्नेट कोलमनचे ऋण मान्य करी. म्हणजे गोऱ्या पोरांचे बंड म्हणून जे गौरवले जाते, त्याचे एक मूळ काळ्यांच्या फ्री जॅझमध्ये आहे. लेस्टर बँग्जसारख्याने ते नाते ओळखले, पण असे कान थोडेच.

'सिस्टर रे' सतरा मिनिटांहून लांब, एका दमात वाजवलेले. ऑर्गन आणि गिटार एकमेकांवर कुरघोडी करतात, आवाज अक्षरशः फाटतो. विल्सनने त्यांना आवरले नाही, याला कोणी हलगर्जीपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. टेलरचा पियानो ज्याने मुद्रित केला, त्याला कुठे हात लावायचा नाही हे कळत असणारच.

विल्सन १९७८ मध्ये वारला. अल्बमवर निर्माता म्हणून त्याचे नाव छापलेले आहे. ते वाचायला फारसे इंग्रजीही लागत नाही.