गतकातरता की लळा? : काही जपानी रॉक-गीतांविषयी

जपानमध्ये आज तिशीत असलेल्या पिढीला तिच्या विद्यार्थिदशेतील, म्हणजे साधारणतः 2000 ते 2010 या काळातील, रॉक-वृंदांची गीते विलक्षण प्रिय आहेत. या आवडीचे स्पष्टीकरण बहुधा एकाच शब्दात उरकले जाते : स्मरणरंजन. मानसशास्त्राचाही त्यास आधार आहे. मनुष्याच्या आठवणींत पौगंडावस्था आणि ऐन तारुण्य यांचा वाटा प्रमाणाबाहेर मोठा असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. तथापि या स्पष्टीकरणाने श्रोत्याविषयी काही कळते, गीताविषयी मात्र काहीच कळत नाही. त्याच वर्षांतली कितीतरी गीते त्याच श्रोत्यांनी ऐकली आणि विसरली. मग थोडीच का उरली, या प्रश्नाचे उत्तर गीतांच्या रचनेतच शोधावयास हवे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. 'बम्प ऑफ चिकन' या वृंदाचे 'तेन्ताइ कान्सोकु' (खगोल-निरीक्षण) हे गीत 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा कर्ता फुजिवारा मोतोओ अवघा एकवीस वर्षांचा होता. मध्यरात्रीनंतर दुर्बीण घेऊन रेल्वे-फाटकापाशी सोबतिणीची वाट पाहणारा मुलगा, आणि त्या रात्री न धरलेला तिचा हात पुढे वर्षानुवर्षे मनात वागविणारा तोच मुलगा, असे दोन काळ त्या गीतात आहेत. गतकाळाकडे वळून पाहण्याचे ज्याचे वय नव्हे, अशा कवीने ते लिहिले. श्रोता तिशीत पोहोचण्यापूर्वीच गीत तेथे जाऊन बसले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

याहून सूक्ष्म उदाहरण 'फुजिफॅब्रिक' या वृंदाच्या 2007 मधील 'वाकामोनो नो सुबेते' या गीताचे. नावाचा अर्थ ढोबळपणे 'तरुणांचे सर्वस्व'. कर्ता शिमुरा मासाहिको हा यामानाशी प्रांतातील फुजियोशिदा गावचा. गीतात घडते ते फार थोडे : उन्हाळ्याचा भर ओसरल्याचे हवामानवृत्त सांगते, संध्याकाळी पाचची घंटा होते, दिवे लागतात, मोसमातले शेवटचे आतषबाजीचे दारूकाम होणार असते. कोणीतरी भेटेल काय, असा विचार मनात येतो आणि छे, ते शक्य नाही म्हणून मागे सारला जातो. पियानो आणि ढोल एका सम, किंचित रेंगाळत्या चालीने पुढे जात असतात. या चालीत हुंदका नाही, हे विशेष.

यातील घंटेचा अर्थ जपानबाहेरच्या वाचकास सहसा उमगणार नाही. तेथील गावोगावी आपत्तीच्या सूचनेसाठी ध्वनिक्षेपक उभारलेले असतात. त्यांवरून रोज सायंकाळी एखादी धून वाजवितात. यंत्रणेची चाचणीही होते आणि खेळणाऱ्या मुलांना घरी परतण्याची सूचनाही मिळते. गीतातील निवेदक आता मूल राहिलेला नाही. घंटा वाजते, पण ती त्याला उद्देशून नाही. आणि नेमकी त्याच दिवशी ती त्याच्या काळजाला भिडते. आपल्यासाठी नसलेली हाक ऐकू येणे, या एका प्रतिमेत वय सरल्याची सारी जाणीव आली आहे. मोठमोठे विलाप हे काम करू शकले नसते.

परंतु गीत तेथे थांबत नाही. शेवटी ती अशक्य मानलेली भेट घडते, निवेदकाला बोलावयास शब्द सुचत नाहीत, आणि दारूकाम संपल्यावर आपण बदलू काय, असा प्रश्न उरतो. म्हणजे ज्यास आपण स्मरणगीत समजत होतो त्याचे शेवटचे पाऊल भविष्यात पडते.

येथे 'नात्सुकाशी' हा जपानी शब्द उपयोगी पडतो. आपण त्याचे भाषांतर 'गतकातर' असे करतो, पण त्याचे मूळ 'नात्सुकु' या क्रियापदात आहे, आणि त्याचा अर्थ लळा लागणे, माणसाळणे. प्राचीन वाङ्मयात या शब्दाचा अर्थ 'जवळ जावेसे वाटणारे' असा होता. गतकाळाची छटा पुढे आली. 'कातर' या शब्दात व्याकुळता आहे, 'नात्सुकाशी'त जवळ ओढणे. आपला 'लळा' हाच त्याला खरा जवळचा शब्द. शिमुराचे गीत हरपल्याचे नाही, लळ्याचे आहे.

अर्थात सर्वच प्रिय गीतांना हे लागू पडत नाही. 'एशियन कुंग-फू जनरेशन' या वृंदाने आपला 2004 मधील 'सोल-फा' हा संग्रह 2016 मध्ये पुन्हा समग्र ध्वनिमुद्रित केला. वादन अधिक सफाईचे झाले आहे, तरी 'रिराइट'सारख्या गीतात ताणलेल्या कोवळ्या आवाजाचा जो अर्थ होता तो सफाईत विरला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेथे स्मरण ध्वनिमुद्रिकेला चिकटलेले होते, रचनेला नव्हे. आणि अशा गीतांपुरते 'स्मरणरंजन' हे वर्णन यथार्थ मानावे लागेल.

शिमुरा डिसेंबर 2009 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी वारला. तिशी त्याने पाहिलीच नाही. उरलेल्या सहकाऱ्यांनी वृंद चालू ठेवला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कार्य थांबविले. दरम्यान फुजियोशिदा नगरीने त्याच्या स्मृतीप्रीत्यर्थ काही दिवस सायंकाळच्या घंटेऐवजी त्याच्याच गीतांच्या धुना वाजविल्या. 2022 पासून 'वाकामोनो नो सुबेते' उच्च माध्यमिक शाळेच्या एका संगीत-पाठ्यपुस्तकात आहे. ज्यांना अद्याप आठवण्याजोगे फारसे काही नाही अशी सोळा वर्षांची मुले ते आता वर्गात गातात.