थरथरणारी रेघ

दुसऱ्या महायुद्धातल्या गन कॅमेऱ्याच्या फिल्म युट्यूबवर पाहिल्यात? ट्रिगर दाबला की विमानातला कॅमेराही सुरू व्हायचा. त्या १६ मिमी फिल्मवर ट्रेसर गोळ्या गांडुळासारख्या वळवळतात. गोळी बिचारी सरळच जाते. पण शटर उघडं असतं तेवढ्यात ती बरंच अंतर कापते, म्हणून तिची रेघ उमटते. आणि पी-४७ सारख्या विमानाच्या आठ मशीनगन धडधडत असताना कॅमेरा हलतो, म्हणून ती रेघ नागमोडी. दिसते ती विमानाची थरथर.

‘वॉर थंडर’मध्ये ट्रेसर म्हणजे लेझरची स्वच्छ पट्टी. गोळीच्या वाटेबद्दल गेमच जास्त बरोबर आहे, हे मान्य. तरी मला ती हललेली रेघच खरी वाटते. गेममधली पट्टी आपल्याला नेम दाखवायला असते. चुकला तर पुन्हा मारा. गन कॅमेरा होता पुराव्यासाठी, समोरचं विमान पडलं का हे नंतर खोलीत बसून ठरवायला. त्या विमानात कुणीतरी असायचं. कधी एक ठिपका सुटून बाहेर पडतो, पॅराशूट उघडतं. पुष्कळदा तेही दिसत नाही. ट्रिगरवरचं बोट निघालेलं असतं, आणि थोड्याच वेळात फिल्म तुटते.