नॉर्थ अँड साउथ

एलिझाबेथ गॅस्केल (१८१०–६५) ह्या इंग्रज लेखिकेची कादंबरी. चार्ल्स डिकन्सच्या संपादकत्वाखालील हाउसहोल्ड वर्ड्‌स ह्या साप्ताहिकात ती सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली व १८५५ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. साप्ताहिकात आटोपता घ्यावा लागलेला शेवट लेखिकेने ग्रंथात विस्तारला. नायिकेचेच नाव कादंबरीस देण्याचा तिचा विचार होता. तथापि डिकन्सच्या सूचनेवरून प्रस्तुत शीर्षक देण्यात आले.

दक्षिण इंग्लंडमधील एका खेड्याचा धर्मोपदेशक हेल हा धर्मविषयक शंकांमुळे आपले पद सोडतो आणि पत्नी व कन्या मार्गारेट ह्यांच्यासह उत्तरेतील मिल्टन ह्या गिरण्यांच्या शहरात येतो. मँचेस्टर हे मिल्टनचे मूळ होय. तेथील गिरणीमालक जॉन थॉर्नटन हा हेलकडे अभिजात वाङ्‌मयाचे धडे घेऊ लागतो. मार्गारेटला त्याचा व्यापारी व्यवहार रुक्ष वाटतो. त्याला तिचा ताठा खुपतो. संपाच्या काळात खवळलेल्या जमावापासून ती त्याचे रक्षण करते. परंतु त्याने विवाहाची मागणी घालताच ती नाकारते. पुढे अनेक गैरसमज, कौटुंबिक मृत्यू आणि थॉर्नटनचे व्यवसायातील अपयश ह्यांतून दोघे एकत्र येतात.

परस्परविरोधी स्वभावांच्या स्त्रीपुरुषांचे आकर्षण हा विषय जेन ऑस्टेनच्या प्राइड अँड प्रेज्युडिस (१८१३) ह्या कादंबरीतही आढळतो. तेथे विरोध मुख्यतः स्वभाव व सामाजिक प्रतिष्ठा ह्यांतून उद्‌भवतो. येथे त्यामागे दोन अर्थव्यवस्था उभ्या आहेत. त्यामुळे नायक-नायिकेचे वाद मालकाची जबाबदारी, मजुरी आणि संपाचा हक्क ह्यांविषयी होतात व प्रेमकथेला वैचारिक वजन लाभते. दोघांपैकी कोणाचीही बाजू लेखिका पूर्णपणे उचलून धरीत नाही. दक्षिणेतील शेतमजुराचे जिणे किती खडतर असते, हे अखेर मार्गारेटच कामगार हिगिन्झला समजावून सांगते. तर हिगिन्झच्या सहवासाने थॉर्नटनला कामगारांतील माणूस दिसू लागतो. कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे निकामी झालेल्या बेसीचे चित्रण विशेष हृदयस्पर्शी आहे.

वारशाने मिळालेल्या संपत्तीतून मार्गारेट थॉर्नटनला भांडवल देऊ करते, हा शेवट मात्र योगायोगावर विसंबलेला आहे. औद्योगिक संघर्षातील पेच त्या संघर्षाबाहेरून आलेल्या पैशाने सुटतो, ही कादंबरीची उणीव होय. मात्र लेखिका ह्या मर्यादेबाबत अनभिज्ञ नाही : आपल्या प्रयोगांनी संप टळतील, असे थॉर्नटनही मानीत नाही, त्यांतील कटुता कमी व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. दोन व्यक्तींमधील विरोध प्रेमाने मिटतो, दोन वर्गांमधील मिटत नाही, ही जाणीव राखल्यामुळे ही कादंबरी सर्वसामान्य प्रेमकथांहून वेगळी व श्रेष्ठ ठरते.