श्रमजीवी नायिका, ऐतिहासिक प्रणयकथेतील

ऐतिहासिक प्रणयकथेतील श्रमजीवी नायिका : गतकाळात घडणाऱ्या प्रेमकथेच्या केंद्रस्थानी असलेली व स्वतःच्या कष्टांवर उपजीविका करणारी स्त्री. गवळण, मोलकरीण, गिरणीकामगार, खाणकामगार, शेतमजूर इ. स्त्रियांचा या वर्गात समावेश होतो. अशा कथेचे मूल्यमापन करताना नायिकेचा व्यवसाय कोणता, यापेक्षा तिच्या श्रमांचा तिच्या प्रेमाच्या वाटचालीशी कार्यकारणसंबंध आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. तो संबंध नसेल, तर श्रम हा केवळ वेशभूषेचा भाग होऊन राहतो.

यूरोपीय ऐतिहासिक कादंबरीत ही नायिका आरंभापासूनच आढळते. वॉल्टर स्कॉटच्या *द हार्ट ऑफ मिडलोदियन* (१८१८) या कादंबरीची नायिका जीनी डीन्स ही एका गवळ्याची मुलगी असून बहिणीला माफी मिळवण्यासाठी ती बरीचशी वाट पायी तुडवीत स्कॉटलंडहून लंडन गाठते. आलेस्सांद्रो मान्झोनीच्या *ई प्रोमेस्सी स्पोझी* (१८२७) या इटालियन कादंबरीतील लूचीया व तिचा वाग्दत्त वर रेन्झो हे दोघेही रेशीमधंद्यातील कामगार आहेत. सतराव्या शतकातील पावाची टंचाई, दंगल व प्लेग यांमुळे त्यांचा विवाह लांबतो. रेन्झोला परमुलखात आश्रय मिळतो तो त्याच्या हातातील कसबामुळे. विसाव्या शतकात कॅथरिन कुक्सन (१९०६–९८) या इंग्रज लेखिकेने ही परंपरा लोकप्रिय केली. तिच्या *टिली ट्रॉटर* (१९८०) या कादंबरीची नायिका कोळशाच्या खाणीतही राबते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकर यांच्या *मोचनगड* (१८७१) पासून मानला जातो. तिच्यावर व ह. ना. आपटे यांच्या कादंबऱ्यांवर स्कॉटप्रणीत परंपरेचा प्रभाव आहे. तथापि गड, गुप्त वाटा, वेषांतरे व स्वामिनिष्ठा या गोष्टी जशा मराठीत रुजल्या, तशी जीनी डीन्स रुजली नाही. आपट्यांच्या *गड आला पण सिंह गेला* मधील कमलकुमारी ही राजपूत स्त्री आहे, रणजित देसाई यांच्या *स्वामी* (१९६२) मधील रमा पेशव्यांची पत्नी आहे, ना. सं. इनामदार यांच्या *राऊ* (१९७२) मधील मस्तानीचे दुःखही वाड्याच्या भिंतींच्या आतले आहे. या कादंबऱ्यांत दासी व कुळंबिणी दिसतात, परंतु त्या निरोप पोहोचवितात; त्यांचा स्वतःचा निरोप कोणासाठी असतो, हे वाचकास कळत नाही.

याला लोककथेतील अपवाद म्हणजे हिरकणी. रायगडावर दूध विकण्यास गेलेली ही गवळण संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने गडावर अडकते व घरच्या तान्ह्या मुलासाठी कडा उतरून जाते, अशी आख्यायिका आहे. तिच्यावरील संकट तिच्या धंद्यातूनच ओढवते, हे या कथेचे बळ होय. परंतु कथेचा गौरव होत गेला तो वात्सल्याचा. २०१९ मधील *हिरकणी* या चित्रपटातही केंद्रस्थान मातृत्वालाच आहे. विक्रीच्या दुधाची घागर बुरुजाच्या कथेत मागे पडली.

कष्टकरी स्त्रीचे प्रेम मराठीत ठळकपणे आले ते अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांच्या कादंबऱ्यांतून. *वैजयंता* मधील तमाशा कलावंतीण प्रेमाइतकीच कलेच्या मोलासाठीही झगडते. या कादंबरीवर १९६१ मध्ये चित्रपटही निघाला. तथापि तिचे कथानक समकालीन आहे. ब्रिटिश अमदानीतील वारणा खोऱ्याचे चित्रण करणाऱ्या *फकिरा* (१९५९) मध्ये इतिहास आहे, पण केंद्रस्थानी पुरुषाचे शौर्य आहे. एकाच कृतीत इतिहास, श्रम व स्त्रीचे प्रेम यांचा मेळ क्वचितच साधला आहे.

या मेळास अनुकूल असे कथाद्रव्य मात्र महाराष्ट्रात विपुल आहे. स्कॉटने *वेव्हर्ली* (१८१४) च्या उपशीर्षकात साठ वर्षांपूर्वीचा काळ हा आपला विषय म्हणून सांगितला होता. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ मध्ये सुरू झाला. तो काळ या मापाने केव्हाच इतिहासजमा झाला आहे. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेवगाव व पाथर्डी या अवर्षणप्रवण तालुक्यांतून मजूर ऊसतोडीसाठी स्थलांतर करीत आले आहेत. या व्यवसायात पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो व एकट्या माणसाचा अर्धा. हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणारी उचल या जोडीने फेडावयाची असते. प्रणयकथा सामान्यतः विवाहाशी संपते. येथे विवाह हेच मजुरीचे एकक असल्याने कथेचा खरा पेच विवाहापासून सुरू होतो. नवऱ्याने तोडलेल्या उसाची मोळी बांधून डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीचे त्याच्यावर प्रेम आहे की नाही, हा प्रश्न उचलीच्या हिशेबात कोणी विचारीत नाही. तो विचारणे हे कादंबरीचे काम होय. राजवाड्यातील प्रेमाला राजकारणाने घेरले, तर कोपीतील प्रेमाला कर्जाने. दुसऱ्या घेऱ्याची नोंद बखरींत नाही, म्हणूनच ललित लेखकावरील जबाबदारी अधिक आहे.