खेळाला पाहणारं कुणी हवं

मराठी प्रेमपटात दोन माणसं एकमेकांच्या मनाशी जो खेळ खेळतात, तो हल्ली फार लवकर मिटतो. ती मुद्दाम फोन उचलत नाही, तो सहज म्हणून दुसऱ्याच मुलीचं नाव काढतो, ती ऐकलंच नाही असं दाखवते. इथवर पटकथा जिवंत असते. मग एखादं गाणं येतं, कुणालाही काही लागत नाही आणि हिशेब मिटतो. आपल्या लेखकांना संवाद जमत नाहीत असं मुळीच नाही. ते उत्तम जमतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. या खेळाकडे पाहणारं तिसरं माणूस आपण पटकथेतून आधी घालवलं, आणि परत बोलावलं तेव्हा त्याच्याकडून पाहण्याचं कामच काढून घेतलं.

आपल्या रंगभूमीला हे तिसरं माणूस चांगलं ठाऊक होतं. १८८२ च्या ‘सौभद्र’मध्ये अर्जुन-सुभद्रेच्या प्रेमातले डाव श्रीकृष्णच टाकतो. गोविंद बल्लाळ देवल त्याच्या बरेच पुढे गेले. १९१६ साली संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आलेल्या ‘संशयकल्लोळ’चं बीज मोलियेरच्या प्रहसनापर्यंत मागे जातं, पण त्यातला संशय अस्सल मराठी घरातला आहे. एक तसबीर भलत्या हाती पडते. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, कृत्तिका फाल्गुनरावावर, आणि तीच आग अश्विनशेठ-रेवतीच्या प्रेमालाही लागते. प्रत्येकाने अर्धंच पाहिलेलं असतं आणि प्रत्येकाला आपण पूर्ण पाहिल्याची खात्री असते. संशय घेण्याच्या बाबतीत बाई पुरुषाच्या तसूभरही मागे नाही, ही त्या नाटकाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. दोन्ही खेळाडू तोडीस तोड असले की खेळ रंगतो. आज तसबिरीची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, एवढ्यावर तोच संशय पेटतो. आपल्या चित्रपटांत मात्र मोबाईल संदेश वाचून दाखवण्यापुरता उरतो. तसबीर प्रसंग घडवत असे, तसा तो क्वचितच घडवतो.

१९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’चं उदाहरण इथे दिलं जाईल. तिथेही फसवणूक आहे, वेषांतर आहे, प्रेम आहे. पण तिथला डाव डोक्यावर छप्पर मिळवण्यासाठी टाकलेला आहे, प्रेम त्याच्या ओघात येतं. शेवटची क्षमा म्हणूनच खटकत नाही. प्रेमातच डाव टाकला तर क्षमा इतकी स्वस्त असून चालणार नाही.

सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने २०१० मध्ये धाडसाचं काम केलं. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, एक शहर, एक दिवस; बाकी सगळे बाहेर. दोघांना नावंसुद्धा नाहीत. मुंबई मोठी की पुणं, या वरवरच्या वादाआडून ती दोघं एकमेकांना जोखत राहतात. ओळखीचं कुणी पाहत नसल्यामुळे त्यांना हवं ते बोलता येतं, आणि चित्रपटाचा सगळा गोडवा त्या मोकळेपणात आहे. पण तो मोकळेपणा एका दिवसाचा आहे. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना गौरी आणि गौतम अशी नावं मिळाली, दोन्हीकडचे नातेवाईक आले, लग्नाची तयारी आली, तिचा जुना प्रियकरही परतला. म्हणजे खरा पेच इथे होता. एवढी माणसं भोवती असताना गौरीचा गोंधळ कुणाला किती दिसतो, यात एक उत्तम चित्रपट दडला होता. पण ही मंडळी साक्षीदार होण्याऐवजी पांघरूण झाली. सगळीच इतकी प्रेमळ की गौरीच्या द्विधेला धार चढत नाही.

साक्षीदार म्हणजे काय, हे वरुण नार्वेकर यांच्या ‘मुरांबा’ने २०१७ मध्ये दाखवलं. आलोक आणि इंदूचं नातं तुटलं आहे, आणि ते का तुटलं हे आलोकला आपल्या आई-वडिलांपुढे उलगडावं लागतं. सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत यांनी रंगवलेले हे आई-वडील मुलाची कड घेऊन मोकळे होत नाहीत. ऐकता ऐकता त्यांना मुलाच्या सांगण्यातल्या फटी दिसतात, आणि त्यांच्या नजरेतून हळूहळू त्याला स्वतःलाही. अमेय वाघने आलोकचं हे ओशाळणं फार समजून केलं आहे. त्याचाच २०१९ चा ‘गर्लफ्रेंड’ हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. तिथला नायक फेसबुकवर खोटी प्रेयसी उभी करतो ती एखाद्या मुलीला फसवण्यासाठी नव्हे. तुला कुणी आहे की नाही, असं विचारणाऱ्या लोकांसाठी. पाहणाऱ्यांच्या धाकाने माणूस काय करतो, याचा हा पुरावाच आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल: प्रेम दोघांचं असताना त्यात घराला कशाला आणायचं? मोठ्या कष्टाने मिळवलेला एकांत पुन्हा आई-वडिलांच्या हवाली करायचा का? माझं म्हणणं तसं नाही. निकाल देणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. ‘मुरांबा’तले वडील निकाल देत नाहीत. शिवाय साक्षीदार घरचाच हवा असंही नाही. मैत्रीण, शेजारीण, सोडून गेलेला प्रियकर, कुणीही चालेल. मात्र त्याला फट दिसायला हवी. लोकांना हलकंफुलकं हवं असतं, हा दुसरा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. ‘संशयकल्लोळ’ला शंभराहून अधिक वर्षं लोक हसत आले आहेत, आणि त्यातलं प्रत्येक हसू कुणाच्या तरी जळफळाटातून येतं.

हा धागा नाशिकचाही आहे. इथल्या हंप्राठा महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी ‘प्रेमा तुझा रंग कसा’मध्ये प्रेमविवाह केलेल्या प्रोफेसर बल्लाळांच्या घरातच पुढच्या पिढीचं प्रेम आणून बसवलं. ‘मुरांबा’चं घर त्या घराचं जवळचं नातलग आहे. असं असून प्रेमपटाची पटकथा आजही मुंबई-पुण्यातच घुटमळते, जिथे दोघांना गर्दीत हरवता येतं. नाशिकच्या इंदिरानगरात तसं हरवता येत नाही. जॉगिंग ट्रॅकवर दोघं शेजारून चालली तर तिसऱ्या फेरीपर्यंत कुणाची तरी मावशी, क्लासचे सर, नाहीतर सोसायटीतले काका समोरून येणारच. मग दोघांत अंतर पडतं, चाल बदलते, आणि भांडण चालू असेल तर ते चेहऱ्यावर हसू ठेवून पुढे न्यावं लागतं. तिने त्या क्षणी हात सोडवून घेतला तो काकांमुळे की रागामुळे, हे त्याला कळत नाही. तिलाही ते नक्की माहीत नसावं.