हवेतला पाणवठा कोणाच्या मालकीचा?

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. या निकालाचा उल्लेख आपल्याकडे कौतुकाने होतो. पण एखादी गोष्ट सार्वजनिक ठरणे आणि तिच्यातून ओंजळ भरता येणे, यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ सालीच खुले केले होते. पाणी घ्यायला १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

२००६ सालची सामुदायिक रेडिओची मार्गदर्शक तत्त्वे मी एक संहिता म्हणून वाचतो. व्यक्तीला परवाना नाही, राजकीय पक्षाला नाही, नफेखोर कंपनीला नाही. इथवर ठीक. मात्र अर्जदार संस्था नोंदणीकृत आणि निदान तीन वर्षे जुनी हवी. आमच्या देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी अशा संस्था बहुधा कोणाच्या असतात? शाळा-महाविद्यालये चालवणाऱ्या प्रस्थापित घराण्यांच्या. वस्तीतली आमची मंडळे जयंतीपुरती जमतात, वर्गणीचा हिशेब कोणाच्या तरी खिशातल्या वहीत असतो. 'समुदाय' हा शब्द वरवर निरागस आहे. त्याच्या पोटात जात आहे, हे संहिता विसरते.

आता पैशाचे. यंत्रांसाठी सरकारी अनुदानाची योजना आहे. वीज, दुरुस्ती, मानधन यांचे काय? जाहिरातीला आरंभी तासाला पाच मिनिटे होती, २०२४ पासून बारा झाली. पण लहान गावात जाहिरात देणार कोण? कृषी सेवा केंद्रवाला, कापड दुकानदार, पतसंस्था, नाहीतर सरकारी खाते. परवाना देणारे सरकार, मोठा जाहिरातदारही तेच, आणि आकाशवाणीच्या बातम्यांखेरीज बातमी सांगू नका, असे बजावणारेही तेच! एखाद्या वस्तीवर बहिष्कार पडला तर केंद्रावरून खताची मात्रा सांगता येईल, बहिष्काराची बातमी देता येणार नाही.

तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर येथे दलित स्त्रियांचा 'संघम रेडिओ' आहे. युनेस्कोच्या मदतीने १९९८ च्या सुमारास ध्वनिमुद्रणाची सोय झाली, परवाना मिळाला २००८ साली. मधली दहा वर्षे या शेतकरी-मजूर बायांनी आपले कार्यक्रम कॅसेटवर भरले आणि संघांच्या बैठकांत ऐकवले. त्यांची चिकाटी मला कोणत्याही धोरणापेक्षा मोठी वाटते. तरीही परवाना डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या नावावर आहे, हे नोंदवले पाहिजे. आपल्याकडे म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीमागेही अशीच एक संस्था उभी आहे. माईक बाईच्या हाती, कागद संस्थेच्या कपाटात.

डिजिटल आले की हा प्रश्न सुटेल, असे काही तरुण मित्र म्हणतात. ब्रिटनमध्ये लहान गावांसाठी डिजिटल रेडिओचे प्रयोग २०१२ साली ब्रायटनला स्वस्त संगणकावर सुरू झाले. तिथे एका लहरीवरून अनेक केंद्रे ऐकू येतात. त्यांना एकत्र सोडणाऱ्या यंत्रणेला मल्टिप्लेक्स म्हणतात. म्हणजे टाकी एक, नळ अनेक. टाकीचा मालक प्रत्येक नळाकडून भाडे घेतो. त्यांच्या कायद्याने निदान सामुदायिक केंद्रांसाठी काही जागा राखून ठेवली. आपल्याकडे टाकी उभी राहिली तर राखीव जागेचा आग्रह कोण धरणार? नळ वाढले म्हणून टाकीची मालकी बदलत नाही.

'मूकनायक' १९२० साली निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर. 'बहिष्कृत भारत' वर्गणीदारांच्या भरवशावर निघाले आणि १९२९ साली बंद पडले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत. देणगीने आरंभ होतो, वर्गणी तुटपुंजी पडते, हा आपला जुना अनुभव आहे. तरीही ज्याने वर्गणी भरली त्याला कारभारात मत हवे, ही रीत मला अनुदानापेक्षा महत्त्वाची वाटते. मग ती वर्गणी महिन्याला दहा रुपये का असेना. त्यासाठी मंडळाची नोंदणी आधी हवी. ती आज केली तरी अर्ज करायला तीन वर्षे थांबावे लागेल.